स्प्रिंगला खोटे सांगता येत नाही

माझे वजन ११८ किलो आहे. ही गोष्ट पुढे सांगावी लागणारच आहे, म्हणून आरंभीच सांगून टाकतो. आजवर ती घरातल्या वजनकाट्याला, आमच्या डॉक्टरांना आणि बायकोला ठाऊक होती. बाकी जगाला मी वर्षानुवर्षे ‘शंभरच्या आतबाहेर’ असे मोघम सांगत आलो. या ‘आतबाहेर’पायी दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात माझी पाठ मोडता मोडता राहिली. त्याची ही हकिगत.

मी मूळचा कराडचा. गेली बावीस वर्षे कॅनडात, ओंटारिओ प्रांतातल्या सडबरी या गावी राहतो. टोरोंटोपासून उत्तरेला सुमारे चारशे किलोमीटरवर हे निकेलच्या खाणींचे गाव आहे. मीही एका खाणीत यंत्रांच्या देखभालीचे काम पाहतो. गावाच्या हद्दीत तीनशेहून अधिक तळी आहेत. डिसेंबरात ती गोठू लागतात आणि मग मार्चपर्यंत जमीन कुठे संपली आणि पाणी कुठे सुरू झाले हे नवख्याला कळत नाही. उणे वीस अंशाला इथे कोणी विशेष थंडी म्हणत नाही. अशा मुलखात चार महिने घरात कोंडून घ्यायचे नसेल, तर काहीतरी छंद लावून घ्यावा लागतो. आमच्या घराने स्नोमोबाइल लावून घेतली.

वाचकांपैकी जे गुलमर्गला जाऊन आले असतील, त्यांनी ही गाडी पाहिली असेल. कदाचित चालकाच्या पाठीला घट्ट धरून तिच्यावरून एक चक्करही मारली असेल. पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा फिरणारा रबरी पट्टा, आणि वर मोटरसायकलसारखी सीट व हँडल. इथले लोक तिला नुसतेच ‘स्लेड’ म्हणतात. ओंटारिओत स्नोमोबाइल क्लबांनी राखलेल्या वाटांचे सुमारे तीस हजार किलोमीटरचे जाळे आहे. आपल्याकडे माणसे रविवारी सिंहगडावर जातात, तशी इथली कुटुंबे या वाटांवर निघतात. डबा, थर्मास, मुले, सगळे बरोबर.

बर्फाने अडवलेला बाप

आज ही गाडी हौसेची वाटते. तिचा जन्म मात्र हौसेतून झालेला नाही. क्वेबेक प्रांतातल्या व्हालकूर या खेड्यात १९०७ साली जन्मलेल्या जोझेफ-आर्मां बोंबार्दिए या माणसाला लहानपणापासून यंत्रांचे वेड. पंधराव्या वर्षी त्याने जुन्या मोटारीचे इंजिन घसरगाडीवर बसवले आणि त्याला विमानासारखा पंखा लावून ती बर्फावर पळवली. बापाने घाबरून ती मोडायला लावली. पुढे त्याने गावात गॅरेज काढले. हिवाळ्यात रस्ते बर्फाखाली जात, मोटारी चार-पाच महिने उभ्या राहत. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने अत्यवस्थ झाला. इस्पितळ दूर, रस्ते बंद, आणि बर्फावरून चालणारी गाडी अजून तयार नव्हती. मुलगा गेला.

त्यानंतर या माणसाने दात्यांच्या चाकावर फिरणारा रबरी पट्टा सिद्धीस नेला. १९३७ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. त्याने बांधलेल्या मोठ्या बर्फगाड्या डॉक्टरांना, टपालाला, शाळेच्या मुलांना वाहून नेऊ लागल्या. एकदोन माणसांची हलकी गाडी, जिचे नाव ‘स्की-डू’, ती १९५९ साली आली. बर्फात अडकलेल्या वस्त्यांना त्या एका गाडीने जगाशी जोडले.

सुरुवातीच्या गाड्यांत आराम नावाची गोष्ट नव्हती. पट्ट्याच्या आत लहान चाकांच्या जोड्या असत आणि बर्फाचा प्रत्येक उंचवटा बसणाऱ्याच्या कण्यापर्यंत पोचे. पुढे चाकांऐवजी पट्ट्याच्या आत दोन लांब रूळ आले आणि ते स्प्रिंगांवर तोलले गेले. आजच्या बहुतेक गाड्यांची ठेवण हीच आहे. माझी गोष्ट या स्प्रिंगांची आहे.

दिवा झाडांच्या शेंड्यांवर

चार वर्षांपूर्वी मी ही गाडी नवी घेतली. पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी लक्षात आल्या. संध्याकाळी परतताना माझ्या गाडीचा दिवा वाटेवर पडण्याऐवजी पाइन झाडांच्या शेंड्यांवर पडे. समोरून येणारे लोक हात वर करून मला काहीतरी सांगत. मी त्याला नमस्कार समजून उलट हात करी. खरे तर माझा दिवा त्यांच्या डोळ्यांत जात होता. दुसरे, वळणावर हँडल फिरवले तरी गाडी थोडा वेळ सरळच जाई. आणि तिसरे, खड्डा आला की बुडाखालून ‘खाड्’ असा आवाज येई.

तिन्ही गोष्टींचे कारण एकच होते. बहुतेक स्नोमोबाइलच्या मागच्या स्प्रिंगा ऐंशी-नव्वद किलोचा माणूस गृहीत धरून बसवलेल्या असतात. त्यात कंपनीची चूक नाही; तयार कपड्यांच्या दुकानात मधलीच मापे जास्त शिवलेली असतात. माझ्यासारखा बसला की मागचा भाग दबतो आणि गाडीचे नाक वर होते. नाक वर म्हणून दिवा वर. पुढच्या स्कींवरचा भार कमी होतो, म्हणून त्या बर्फाला नीट चावत नाहीत. आणि स्प्रिंग बसल्या जागीच निम्म्याहून अधिक दबलेली, म्हणून खड्ड्यात दबायला जागाच उरत नाही. मग धातूवर धातू आपटतो आणि तो दणका सीटमधून मणक्यात जातो.

या मागच्या स्प्रिंगा कशा असतात ते घरबसल्या पाहायचे असेल, तर दोरीवरचे कपडे अडकवायचा चिमटा हातात घ्या. त्याच्या पोटात वेढे दिलेली तार असते आणि तिची दोन टोके दोन पाकळ्यांना रेटतात. ही पिळाची स्प्रिंग. स्नोमोबाइलच्या मागे, पट्ट्याच्या आत, अशाच दोन दणकट स्प्रिंगा असतात, एक डावी आणि एक उजवी. त्यांचे पीळ परस्परांच्या उलट, त्यामुळे डावीची उजवीकडे चालत नाही. तारेचे एक टोक जिथे टेकते तिथे एक चौकोनी ठोकळा असतो. त्याच्या बाजू कमी-जास्त उंचीच्या. तो फिरवला की स्प्रिंगवरचा आधीचा ताण वाढतो.

मी काय केले? दोन्ही ठोकळे सर्वांत उंच बाजूवर फिरवून टाकले. गाडीची मागची बाजू थोडी वर आली आणि माझी छाती पुष्कळच. पण चार किलोमीटर जाताच कळले की लहानसहान उंचवट्यांवर गाडी लाकडी पाटासारखी आपटते आणि मोठ्या खड्ड्यात पूर्वीसारखेच ‘खाड्’ होते. म्हणजे दोन्हीकडचे दुःख पदरात.

खरे तर मी इंजिनिअर आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी स्प्रिंगला वजने टांगून आलेखाच्या कागदावर रेघ मीही काढली होती. रॉबर्ट हूक याने १६७८ साली मांडलेला नियम तो: भार दुप्पट तर ताण दुप्पट. त्या रेघेचा चढ म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा. ठोकळा फिरवल्याने हा चढ बदलत नाही, फक्त आरंभाचा ताण बदलतो. सैल झालेल्या बाजेची दोरी ओढून घेतली म्हणून दोरी काही जाड होत नाही, तसेच हे. जास्त भाराला जास्त कडक स्प्रिंगच हवी, आणि त्यासाठी तार जाड हवी. तारेच्या जाडीचा परिणाम मोठा विलक्षण असतो. वेढे आणि वेटोळ्याचा व्यास तोच ठेवून दहा मिलिमीटरऐवजी अकरा मिलिमीटरची तार घेतली, तर कडकपणा दहा टक्क्यांनी नव्हे, सुमारे शेहेचाळीस टक्क्यांनी वाढतो. कारण जाडीचा हिशेब चौथ्या घाताने होतो. म्हणूनच ही स्प्रिंग अंदाजाने घ्यायची वस्तू नव्हे. एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला की गाडी वेगळी होते.

हे सगळे ठाऊक असूनही दुकानात मी काय केले ते आता सांगतो.

कपड्यांसकट?

गावाबाहेर स्नोमोबाइल दुरुस्तीचे एक छोटे दुकान आहे. मालक सत्तरीचा. भिंतीवर स्प्रिंगांचा तक्ता: डावीकडे माणसाचे वजन, उजवीकडे तारेची जाडी आणि भागाचा क्रमांक. त्याने पेन्सिल उचलली आणि विचारले, “वजन?”

दुकानात आणखी दोघे उभे होते. एक तर माझ्याच खाणीतला तरुण पोरगा, सडपातळ, शिडशिडीत. मी म्हणालो, “पंच्याण्णव.”

“कपड्यांसकट?”

“हो.”

म्हाताऱ्याने एकदा चष्म्यावरून पाहिले. उणे वीसमध्ये सगळ्यांच्याच अंगावर गादीएवढे जाकीट असते, त्यामुळे पाहून काही कळण्यासारखे नव्हते. त्याने आकडा लिहिला. खरे वजन ११८, वर हेल्मेट, बूट, जाकीट, पँट आणि पाठीवरची पिशवी मिळून अकरा किलो. एकूण १२९. म्हणजे चौतीस किलो मी हिशेबातून गाळले. एक शाळकरी मुलगाच गाळला म्हणा ना!

नव्या स्प्रिंगा बसल्या. त्या आधीच्यापेक्षा एक पायरी कडक होत्या, त्यामुळे थोडा फरक पडला आणि मी स्वतःची समजूत काढली. तीन आठवड्यांनी, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, आम्ही दोघे संध्याकाळी परतत होतो. पुढे बायको तिच्या गाडीवर, मागे मी. रविवारी संध्याकाळी वाटांची अवस्था वाईट असते. दिवसभर शेकडो गाड्या गेल्या की बर्फावर कच्च्या रस्त्यासारख्या पन्हळी उठतात. क्लबची यंत्रे त्या सपाट करतात ती बहुधा रात्री. एका उतारानंतर ओहोळाची खोलगट जागा आली. बायको उभी राहून, गुडघे वाकवून अलगद पार झाली. मी बसूनच होतो, कारण थकलो होतो. गाडी खाली गेली, स्प्रिंगा संपल्या, आणि कमरेच्या वर कोणीतरी घण घातल्यासारखे झाले. श्वास अडकला. गाडी थांबवून मी हँडलवर डोके टेकले. पायाची बोटे हलतात की नाही हे बुटाच्या आत तपासून पाहिले, तेवढा अर्धा मिनिट आयुष्यात विसरणार नाही.

इस्पितळात फोटो काढला. मणका दबलेला नव्हता. स्नायू आणि बंध दुखावले होते. डॉक्टर म्हणाले, अशा दणक्याने मणक्याचे हाड चेपलेली माणसे आमच्याकडे दर हिवाळ्यात येतात, तुम्ही थोडक्यात वाचलात. सहा आठवडे गाडी बंद. बायको सारी रात्र काही बोलली नाही. सकाळी चहा देताना एवढेच म्हणाली, “अहो, दुकानात वजन किती सांगितलं होतं?”

माल किती भरतोस?

त्या सहा आठवड्यांत पडल्या पडल्या मला कराडचे एक दुकान सारखे आठवत होते. आमच्या लहानपणी हायवेच्या कडेला ‘कमान-पाटे’ अशी पाटी लावलेली एक पत्र्याची शेड होती. उसाचे ट्रक तिथे पाटे वाढवायला येत. शाळेतून येताना आम्ही ठिणग्या बघत उभे राहायचो. मिस्त्री ड्रायव्हरला एकच प्रश्न विचारी, “माल किती भरतोस?” ड्रायव्हर कागदावरचा आकडा सांगे. मिस्त्री हातोडा खाली ठेवून म्हणे, “कागदावरचं पोलिसाला सांग. मला खरं सांग, पाटा मला बनवायचाय.” आम्हाला तेव्हा त्या वाक्याची गंमत वाटे. पन्नाशी ओलांडल्यावर, गोठलेल्या मुलखात, पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून मी त्याचा अर्थ समजून घेत होतो.

एप्रिलमध्ये मी पुन्हा त्या दुकानात गेलो. या वेळी दुकानात चार माणसे होती. मी म्हणालो, “मागच्या वेळी आकडा चुकीचा सांगितला. ११८. कपड्यांसकट १२९.” कोणीही वळून पाहिले नाही. म्हाताऱ्याने तक्त्यावरून बोट खाली नेले, क्रमांक लिहिला आणि म्हणाला, “आता हिशेब जमतो. मी म्हणतच होतो की या स्प्रिंगा तुम्हाला पुरत कशा नाहीत.” शिंपी कमरेचे माप घेताना चेहरा कसा ठेवतो, तसाच त्याचा चेहरा होता. ज्या लाजेपायी मी पाठ पणाला लावली, ती सगळी माझ्याच डोक्यात होती.

स्प्रिंगा त्यानेच बसवल्या. हे काम घरी, नुसत्या पकडीने करू नये. ताणलेली पिळाची स्प्रिंग निसटली तर बोट किंवा डोळा घेऊन जाते. बसवून झाल्यावर त्याने आणखी एक गोष्ट केली. स्प्रिंग फक्त शक्ती साठवते आणि परत देते; ती संथपणे परत यावी म्हणून तेल भरलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतो, आपल्या गॅरेजांत ज्याला शॉकअप म्हणतात तो. कडक स्प्रिंग जोरात उसळते, म्हणून त्याने शॉकअपची चकती दोन खटके आवळली. ते केले नसते, तर खड्डा संपल्यावर सीटने मला वर भिरकावले असते. शेवटी पट्ट्याचा ताण पुन्हा तपासला. जाता जाता बजावले, “स्प्रिंग कडक झाली म्हणून गाडीची क्षमता वाढली असं समजू नका. पुस्तकात जास्तीत जास्त भार लिहिलाय, तो तेवढाच राहतो.”

टेप घेऊन मोजा

पुढच्या डिसेंबरात पहिला बर्फ पडल्यावर आमच्या मुलीने गॅरेजमध्ये मोजमाप केले. रीत अगदी सोपी आहे आणि कुठल्याही गाडीवाल्याने करावी अशी आहे. गाडीचा मागचा दांडा दोघांनी वर उचलून धरायचा, स्प्रिंगा पूर्ण मोकळ्या होऊ द्यायच्या, आणि दांड्याची जमिनीपासूनची उंची लिहायची. मग चालकाने हेल्मेट, बूट, सगळा साज चढवून नेहमीसारखे बसायचे, दोनतीनदा गाडी दाबून स्थिर होऊ द्यायची, आणि पुन्हा मोजायचे. दोन्हींतला फरक म्हणजे गाडी किती बसते तो आकडा. मागच्या एकंदर चालीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश एवढी ती बसावी. आमच्या गाडीची चाल सुमारे ३५ सेंटिमीटर. म्हणजे नऊ ते बारा सेंटिमीटर बसायला हवी.

कंपनीच्या मूळ स्प्रिंगांवर, ठोकळा सर्वांत खाली असताना, ती १९ सेंटिमीटर बसत असे. ठोकळे वर फिरवूनही १५. ‘पंच्याण्णव किलो’च्या स्प्रिंगांवर १४. आता, ठोकळा मधल्या बाजूवर असताना, ११. मुलीने चारही आकडे गॅरेजच्या भिंतीवर खडूने एकाखाली एक लिहिले. जुने आकडे मी त्या-त्या वेळी मोजून वहीत टिपून ठेवले होते. म्हणजे पुरावा माझ्याच हाताने जमवत होतो आणि तो वाचायला तयार नव्हतो.

मोजमाप संपल्यावर बायकोने हौसेने माझ्या गाडीवरून एक फेरी मारली. तिचे वजन ५८. परत येऊन म्हणाली, “ही गाडी आहे की दगडी पायरी? मला तर नुसती उडवते!” बरोबरच आहे. माझी योग्य स्प्रिंग तिला अयोग्य. हलक्या माणसाचे हाल जड माणसाइतकेच होतात, फक्त उलट दिशेने. तिच्या गाडीत पुढे आम्ही एक पायरी मऊ स्प्रिंगा घातल्या, तेव्हा इतकी वर्षे ती मुकाट्याने काय सोसत होती ते तिलाही कळले.

काही मित्रांनी मला सल्ला दिला, “स्प्रिंगा कशाला बदलतोस? वजन कमी कर.” सल्ला चांगला आहे आणि मी तो पाळतोही आहे. भात निम्मा केला, रोज तळ्याच्या कडेने चालतो. पण वजन उतरायला वर्षे लागतात आणि खड्डा आजच्या वाटेवर असतो. उद्या होणाऱ्या माणसाच्या मापाची स्प्रिंग आज घालून चालत नाही. आज जो बसणार आहे, त्याचेच वजन तिला पेलायचे असते.

गेल्या हिवाळ्यात, त्याच ओहोळावरून, त्याच वेळी आम्ही परतलो. या वेळी मी गुडघे वाकवून उभा राहिलो, बायकोकडून शिकलो. गाडी खाली गेली, दबली, थांबली आणि संथपणे वर आली. कुठे ‘खाड्’ नाही. पुढे बर्फाच्या वाटेवर माझ्या दिव्याचा पिवळा पट्टा नीट पडला होता. समोरून एक गाडी आली. चालकाने हात वर केला. या वेळी तो खरोखरच नमस्कार होता.

भिंतीवरच्या आकड्यांखाली आता मुलगी दर महिन्याला माझे वजनही लिहिते. या महिन्याचा आकडा ११२ आहे. येणारेजाणारे, शेजारी, सगळे तो वाचतात. कोणी काही म्हणत नाही. स्प्रिंग बदलावी लागेल इतका फरक अजून पडलेला नाही. पडला की म्हाताऱ्याकडे जाईन आणि जो असेल तो आकडा सांगेन. कपड्यांसकट.